खंडेनवमीचा रोल

टक् एवढाच आवाज झाला आणि कॅमेऱ्याचं मागचं दार माझ्या हातात उघडलं. मी ते उघडलं नव्हतं. डाव्या बाजूला वर एक छोटं गोल बटण होतं, त्याच्या बुडाशी धूळ बसली होती, आणि ती पुसायला म्हणून मी ते नखाने जरा वर उचललं, इतकंच. खंडेनवमीची सकाळ होती. जेवणाच्या टेबलावर जुन्या सुती साडीचा तुकडा पसरून मी घरातली सगळी हत्यारं एकेक करून पुसत होते. शिवणयंत्राची बॉबिन काढून झाली होती, मिक्सरची पाती खोलून, पुसून, परत बसवून झाली होती, विळी, सुरी, माझ्या मुलाचा, निशांतचा, स्क्रू-ड्रायव्हरचा डबा, सुनेचा लॅपटॉप. या दिवशी प्रत्येक वस्तू आतून-बाहेरून पुसायची, मग पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं आणि दसऱ्याच्या पूजेपर्यंत तिला हात लावायचा नाही. आईने मला तसं शिकवलं, आणि मिरज सोडून पंचावन्न वर्षं झाली तरी मी ते कुठल्याही सरकारी क्वार्टरमध्ये चुकवलं नाही. शेवटी राहिला होता माझ्या नातीचा, जाईचा कॅमेरा. दार उघडल्यावर आत डावीकडून उजवीकडे ताणलेली एक करडी पट्टी दिसली. कडेला बारीक चौकोनी भोकांची रांग. पट्टीवर काहीच नव्हतं, फक्त खिडकीचा उजेड तिच्यावर पाण्यासारखा चमकत होता. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मी दार दाबून बंद केलं. दार बसल्याचा आवाज उघडतानाच्या आवाजापेक्षा मोठा वाटला.

जाई अजून आंघोळीला होती. ऋचा, माझी सून, वरणाला फोडणी देत होती. कोणी पाहिलं नव्हतं. हा विचार माझ्या मनात इतक्या सहज आला, की जणू तो तिथे आधीपासून बसूनच होता. मी कॅमेरा पाटावर ठेवला, शिवणयंत्राच्या हँडलशेजारी, त्यावर हळदीचं बोट टेकवलं, कुंकवाचं टेकवलं, झेंडूचं एक फूल ठेवलं. हात अजिबात थरथरले नाहीत. शहात्तर वर्षांच्या बाईचे हात एरवी चहाचा कप धरताना थरथरतात. त्या सकाळी नाही.

जाई अकरावीत आहे, इकडे उत्तरेत वाढलेली, म्हणून बोलताना अर्धी हिंदीत. तिच्या शाळेने यंदा रोलच्या फोटोग्राफीचा विषय सुरू केला, रसायनशास्त्राच्या जुन्या कोठीला काळे पडदे लावून डार्करूम केली, आणि ग्रेवाल नावाच्या मॅडम नेमल्या. फोनमध्ये रोज शंभर फोटो काढणारी ही मुलगी तीन महिन्यांत छत्तीस फोटोंच्या हिशेबाने बघायला शिकली. मॅडमचा नियम असा, की एका सत्राला एकच रोल. छत्तीस वेळा बटण दाबायचं. मग तो रोल स्वतःच्या हाताने धुवायचा आणि सगळे फोटो एकाच कागदावर, आहेत तसे, ओळीने छापायचे. एकही कापायचा नाही, लपवायचा नाही, प्रत्येकाखाली कधी, कुठे, काय ते लिहायचं. जुलैच्या शेवटी सरावाचा पहिला रोल जाईने धुतला तेव्हा तो साफ कोरा निघाला. फिल्मचं टोक आतल्या चाकाला नीट अडकलंच नव्हतं. महिनाभर ती रिकामा कॅमेरा कटकट वाजवत फिरत होती. त्या दिवशी घरी आल्यावर ती जेवली नाही. आपली बोटं उलटीपालटी करून बघत म्हणाली, "आजी, माझे हात ना, बेकार हैं." मी तिला म्हटलं, हात शिकतात गं, वेळ लागतो. म्हटलं खरं, पण असं वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं, हे मला चांगलं माहीत होतं.

पूजा झाली, आरती झाली. जाई पाटाकडे बघून हसली. "आजी, माझा कॅमेरा देव झाला. उद्यापर्यंत सुट्टी." "हो," मी म्हटलं. "एकतीस हो गए. पाच बचे हैं. कल रावण, और बस, खतम." तिने पुरणपोळीवर तूप ओतून घेतलं. एकतीस. त्यातले पहिले चौदा कसले आहेत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. स्वानंदी तिची सहावीपासूनची मैत्रीण, जळगावची, वडील टेलिफोन खात्यात. आमच्यासारखंच बदलीचं घर. ऑगस्टमध्ये त्यांना गुवाहाटी आलं. शेवटच्या आठवड्यात जाई रोज तिच्या घरी जाऊन बसत होती, खोक्यांच्या मध्ये, आणि मोजून मापून फोटो घेत होती. फोनवर एकही घेतला नाही. दोघींनी तसं ठरवलं होतं म्हणे. शेवटचा इथल्या सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर, दिल्लीच्या बसच्या खिडकीतला. परत आल्यावर कॅमेरा पोटाशी धरून ती तशीच सोफ्यावर झोपली होती. बदलीच्या घरातली मुलं रडत नाहीत फारशी, त्यांना सवय असते. निशांत आठवीत असताना आम्ही त्याला झाशीहून उचलून इंदूरला नेलं, तेव्हाही तो रडला नव्हता. नुसता गाडीच्या मागच्या काचेतून बघत राहिला होता. त्याचं काय राहून गेलं तिथे, मी कधी विचारलं नाही.

दुपारी सगळे पडले. मी बाल्कनीत बसले. खाली रस्त्याला रहदारी नव्हती, सातवणाच्या फुलांचा तो जड वास सगळ्या सेक्टरभर पसरला होता, डोकं दुखेल इतका. मला वाटलं होतं मी काहीतरी ठरवीन. पण ठरवायच्या ऐवजी मी मिरजेच्या घराच्या माजघरात होते आणि अकरा वर्षांची होते. खंडेनवमीच होती. भानुदासमामा बार्शीहून आला होता, आणि त्याच्यासोबत नवा काळा खोक्यासारखा कॅमेरा. चारही भावंडं, म्हणजे आई, तिच्या दोन बहिणी आणि मामा, पुष्कळ वर्षांनी एकत्र जमली होती. मामाने सकाळी अंगणात सगळ्यांचे फोटो घेतले होते, मग कॅमेरा पूजेसाठी माझ्याकडे दिला. पुसायचं काम माझंच असे. मी पुसला. मग मला वाटलं, आत बघावं. सकाळची माणसं आत आली असतील, लहान होऊन, ती कशी दिसतात ते बघावं. मी खिट्टी काढली, आतला लाल कागद ओढला, ओढतच गेले, माझ्या मांडीवर कागदाचं आणि त्या चकचकीत पट्टीचं भेंडोळं झालं. कोणीच नव्हतं त्यात. मग मी ते जमेल तसं परत गुंडाळलं, खिट्टी लावली आणि हळदकुंकू वाहिलं.

आठ दिवसांनी स्टुडिओवाल्याने कळवलं की रोलला उजेड लागलाय, एकही फोटो नाही. माझा मोठा भाऊ विनायक चौदा वर्षांचा होता. त्याला यंत्रांचं वेड. मामाचा कॅमेरा घेऊन तो दोनदा अंगणात गेला होता, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. वडील ओरडले नाहीत. पानावर बसल्या बसल्या एवढंच म्हणाले, "याच्या हातात वस्तू टिकत नाही." विनायकने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं, आणि म्हणाला, "मी नाही उघडला." मी आमटीत भात कालवत होते. ते वाक्य घरात राहिलं. कप फुटला की विनायक. घड्याळ बंद पडलं की विनायक कुठे होता. त्याला समोरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकायला जायचं होतं, वडिलांनी जाऊ दिलं नाही, याच्या हातात लोकांचे रेडिओ कसे द्यायचे. तो रेशनिंगच्या ऑफिसात कारकून झाला, तिथेच निवृत्त झाला. वाईट आयुष्य गेलं असं मी म्हणणार नाही. बायको चांगली मिळाली, मुली हुशार निघाल्या. पण त्या मुली झाल्या तेव्हा त्याने त्यांना पहिले कितीतरी महिने उचललं नाही. वहिनीच मला सांगत होती, हसत हसत. "घाबरतात हो, म्हणे माझ्या हातून पडेल." मीही हसले. मग मी आतल्या खोलीत जाऊन उगाच पलंगावरच्या चादरी घड्या करून ठेवल्या, ज्या आधीच घड्या केलेल्या होत्या.

सांगायची संधी किती वेळा आली होती. वडील गेले तेव्हा. मामा गेला तेव्हा. विनायकच्या धाकटीच्या लग्नात आम्ही दोघं मांडवाच्या मागे खुर्च्या टाकून सरबत पीत बसलो होतो, त्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला होता, लहान मूल धरतं तसा, आणि मी तोंड उघडलंसुद्धा. म्हटलं, "दादा, तुला मामाचा कॅमेरा आठवतो?" तो म्हणाला, "सोड गं. लहान होतो, उघडला असेल मीच. आता आठवतही नाही." इतकी वर्षं ऐकून ऐकून त्याला ते खरं वाटायला लागलं होतं. त्यावर बोलायची मला हिंमत झाली नाही. करोनाच्या दुसऱ्या वर्षी तो गेला. मी फोनवरच ऐकलं. आयुष्यभर मी कधी कोणाचा कॅमेरा हातात धरला नाही. सहलीला, लग्नाकार्यात कोणी "काकू, आमचा एक काढा ना" म्हटलं की मी चष्मा नाही म्हणून सांगायची, चष्मा डोळ्यांवर असताना. जाईचा कॅमेरासुद्धा मी त्या सकाळी सगळ्यात शेवटी घेतला. आणि बघा, उघडायचा नाही, उघडायचा नाही, असं मनात म्हणत म्हणतच मी ते बटण वर उचललं होतं.

ऊन उतरायला लागलं तसं मला स्पष्ट दिसायला लागलं की पुढे काय होणार. शुक्रवारी जाई रोल धुवेल. काहीतरी गेलेलं निघेल. मॅडम विचारतील. ती आपली बोटं उलटीपालटी करून बघेल. कॅमेऱ्यालाच कुठे फट असेल, असं कोणी म्हणेलही, पण ती मनातून स्वतःलाच दोष देईल, कारण आधी एकदा तिच्या हातून झालंय. आणि मी शेजारी बसून तिला म्हणेन, हात शिकतात गं.

मी उठून आत गेले. जाई सोफ्यावर आडवी पडून फोन बघत होती.

"जाई, उठून बस."

"बोलो ना आजी."

"मी तुझा कॅमेरा उघडला."

"मतलब? कव्हर?"

"मागचं दार. पुसताना. ते बटण वर ओढलं गेलं."

ती उठून बसली. फोन गादीवर पडला. मला वाटलं ती ओरडेल. तिने एकदम हळू, डॉक्टर विचारतात तसं विचारलं, "कहाँ? खिडकी के पास?"

"जेवणाच्या टेबलावर."

"धूप थी?"

"टेबलावर नव्हतं. खाली फरशीवर होतं."

"कितनी देर?"

"कुकरची एक शिट्टी झाली, तेवढाच वेळ."

"आजी, यार! शिट्टी कोई युनिट होती है?" आणि मग तिचा चेहरा बदलला. "त्याच्यात स्वानंदी होती," ती म्हणाली. एवढं एक वाक्य पूर्ण मराठीत. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

ऋचा बाहेर आली, "काय झालं हो आई?" मी तिलाही सांगितलं. निशांत चहा घेत होता, त्यालाही सांगितलं. एकदा सांगितल्यावर मला थांबताच येईना. निशांतने माझ्या पाठीवर हात ठेवला. "आई, कशाला सांगितलंस? कोणाला कळलंही नसतं. म्हटलं असतं, रोल खराब होता." तो प्रेमानेच म्हणत होता. मी त्याच्याकडे पाहिलं. माझंच पासष्ट वर्षांचं म्हणणं माझ्या मुलाच्या तोंडून ऐकू येत होतं, माझ्याच आवाजात जवळजवळ. "कळलं नसतं," मी म्हटलं, "म्हणूनच सांगितलं." तो समजला नाही. चहाचा कप घेऊन तो गॅलरीत गेला.

दार उघडायला बराच वेळ लागला. जाईचे डोळे सुजले होते आणि हातात फोन होता, स्पीकरवर. "मॅडम को बोलो, कैसे खुला."

"सत श्री अकाल माताजी," पलीकडून एक मोकळा, जरासा घोगरा आवाज आला. मी माझ्या हिंदीत सगळं सांगितलं, बटणापासून शिट्टीपर्यंत. मॅडम मधूनमधून "हां जी, हां जी" करत होत्या. मग म्हणाल्या, "देखो जी, फिल्म अंदर लपेटती जाती है, प्याज़ की तरह. जो पहले खींचा वो सबसे अंदर. ऊपर के छिलके तो गए समझो. जाई, तेरी सहेली किस नंबर पे है?"

"एक से चौदह."

"तो फिर रोना किस बात का, पगली? शायद बच गई. पक्का नहीं बोलती, शायद. अभी उसको हाथ मत लगाना, जैसा रखा है रखा रहने दे. बचे हुए पाँच रावण पे खर्च कर और परसों लेके आ. और माताजी को भी साथ ला. मुजरिम हाज़िर होना चाहिए."

फोन बंद झाल्यावर जाई पाटाकडे बघत उभी राहिली. "मॅडम भी वही बोल रही है. आज हात लावायचा नाही," ती म्हणाली, आणि नाक ओढत हसली. मग लगेच म्हणाली, "मला राग आहे अजून."

"असू दे."

"पर आपने बताया क्यूँ? पप्पा बरोबर बोलत होते. मला कळलं नसतं. मुझे लगता, मैंने ही कुछ किया."

मी तिला विनायकचं सांगितलं. पहिल्यांदा कोणाला तरी. कागद ओढल्यापासून आमटीभातापर्यंत सगळं. ती माझ्या समोर जमिनीवर बसली होती. माझं बोलून झाल्यावर ती पायाच्या अंगठ्याशी खेळत होती. "विनायक आजोबा," ती म्हणाली. "जे मला कडेवर घ्यायचे नाहीत. मुझे लगता था उनको मैं पसंद नहीं." ती उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, अंतर ठेवून, पण शेजारी.

दसऱ्याला इथे आपटा मिळत नाही, आम्ही कचनारची पानं आणतो, ती तशीच जोडपानं असतात. जाईने मला पान दिलं, पाया पडली, मग कॅमेरा उचलला आणि निशांतबरोबर मैदानावर गेली. मी गेले नाही. लांबून फटाक्यांचे आवाज येत होते. मी मोजत होते, पण फटाके मोजत होते की तिची बटणं, ते मला सांगता येणार नाही.

शुक्रवारी मी शाळेत गेले. डार्करूममध्ये आंबट वास होता. लिंबाच्या जुन्या लोणच्याची बरणी उघडल्यावर येतो तसा, फक्त थंड. ग्रेवाल मॅडम उंच, केस पांढरे, ओढणी कमरेला खोचलेली. "आओ जी मुजरिम," त्या म्हणाल्या आणि मला स्टुलावर बसवलं. फिल्म अंधारातच डब्यात भरायची म्हणून जाईने एका काळ्या पिशवीच्या बाह्यांत दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. आत तिला काही दिसत नव्हतं, आम्हालाही नाही. पिशवी नुसती हलत होती, आत एखादं मांजराचं पिल्लू असावं तशी. तिचा चेहरा मात्र मला दिसत होता. ती छताकडे बघत होती, ओठ जरासे उघडे, सुईत दोरा ओवताना माझे होतात तसे. मॅडमनी एकदाही विचारलं नाही, होतंय का. मीही नाही. मग पिशवीतून टक् आवाज आला, डबा बंद झाल्याचा, आणि जाईने हात बाहेर काढले. ते ओले झाले होते घामाने. तिने ते स्कर्टला पुसले आणि कामाला लागली.

फिल्म वाळेपर्यंत तास-दीड तास गेला. वाळायला टांगलेल्या पट्टीकडे कोणी बघायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं आणि आम्ही तिघी तिच्याकडे पाठ करून कॅन्टीनचे सामोसे खात बसलो. मग लाल दिवा लागला. जाईने पट्टीचे तुकडे कागदावर ओळीने मांडले, क्षणभर उजेड दाखवला आणि तो कोरा कागद ट्रेमधल्या रसायनाच्या पाण्यात सोडला. ती ट्रे हळूहळू डोलवत होती. कागदावर काहीच नव्हतं. मग वरच्या ओळीत एक करडा डाग पडला, दुसरा, आणि डागांना कडा आल्या, आणि खोक्यावर बसून जीभ काढलेली एक मुलगी पाण्याखालून वर आली. शेजारच्या चौकटीत तीच, रिकाम्या भिंतीवर घड्याळाच्या जागी राहिलेला खिळा दाखवताना. तीच, पाठमोरी. तीच, बसच्या खिडकीत, अर्ध्या चेहऱ्यावर काचेचं प्रतिबिंब. चौदाच्या चौदा. जाईने ट्रे डोलवणं थांबवलं नाही, पण तिच्या घशातून एक आवाज निघाला, हसण्याचाही नाही, रडण्याचाही नाही. "आ गई ना," मॅडम म्हणाल्या. माझे खांदे कुठल्या उंचीवर गेले होते, हे ते खाली आल्यावर मला कळलं. छातीतून काहीतरी निघून गेलं आणि तिथे नुसती जागा राहिली. मोकळी. मला एकदम सणकून भूक लागली.

पुढच्या ओळींत झिरकपूरच्या रस्त्यावर अडकलेली गाड्यांची रांग होती, शाळेचा जिना होता. विसाव्यानंतर फोटोंच्या कडांवर धुकं चढत गेलं होतं. आणि मग चार चौकटी अगदी पांढऱ्या. त्यांच्यानंतर पुन्हा, स्वच्छ, रावण.

"अठ्ठावीस ते एकतीस," जाईने वाकून मोजलं. मग ती माझ्याकडे वळली. लाल उजेडात तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. "आजी, ये तो आप थीं. नवमीच्या सकाळी तोरण करताना. मी काढले होते, तुम्हाला कळलंच नाही. चारों में आप थीं."

मी ऐकलं आणि मला हसू आलं. खरंच हसू आलं, पोटातून, मॅडम दचकल्या. माझेच गेले होते. दुसऱ्या कोणाचे नाहीत, फक्त माझे.

कागद धुऊन, वाळवून आम्ही बाहेर व्हरांड्यात उजेडात आणला. जाईने बारीक काळ्या पेनने प्रत्येक फोटोखाली इंग्रजीत लिहायला घेतलं, तारीख, जागा. सत्तावीसपर्यंत भराभर लिहिलं आणि ती थांबली. मॅडम दुसऱ्या मुलांकडे गेल्या होत्या. "इथे काय लिहू?" तिने विचारलं. "लाइट लीक लिख देती हूँ, म्हणजे फटीतून उजेड गेला. मॅडमना माहितीय, दुसऱ्या कोणाला कशाला?"

मी हात पुढे केला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेन दिलं. त्या गुळगुळीत कागदावर पेन सटकत होतं. जागा फार थोडी होती. मी अक्षर लहान करत पहिल्या पांढऱ्या चौकटीखाली लिहिलं, "खंडेनवमी. उघडला तो मी." मग दुसरीखालीही तेच. तिसरीखालीही. जाई म्हणाली, "बस ना आजी, एकदा पुरे." पण चौकटी चार होत्या, मी चौथीखालीही लिहिलं.

"नाम भी चाहिए," ती म्हणाली. "पूर्ण."

मी नाव लिहिलं. शाई लवकर वाळेना, म्हणून तो कागद दोन बाजूंनी धरून आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो.